छाती स्वच्छ असल्याची चिठ्ठी

माझं मराठी अक्षर चांगलं आहे. ही बढाई नव्हे. पुढं जे झालं त्याला हे अक्षर कारण झालं, म्हणून आधीच सांगून टाकतो. आमची शाळा सगळी उर्दूत झाली. घरात मराठी, गल्लीत दखनी, दूधवाल्याशी तेलुगू, असा हैदराबादेतल्या आमच्यासारख्या नोकरपेशा घरांचा खाक्या होता. पण वडिलांनी मला रोज संध्याकाळी पाटीवर मराठी गिरवायला बसवलं. "ही भाषा तुला पोटाला देणार नाही," ते म्हणायचे, "पण विसरलास तर या घरात ताट मिळणार नाही." मी ताटासाठी शिकलो. पुढं त्याच अक्षरानं मी एका मुलीचा घात केला.

ती मुलगी आता नाही. डोंगरावरच्या क्षयाच्या इस्पितळात वर्षभर राहून गेली. तिच्या माहेरचं कुणी असलंच तरी मला ओळखणार नाही. माझ्या बायकोलाही मी हे कधी सांगितलं नाही, आणि आता सांगायला ती राहिली नाही. इतकी वर्षं मूग गिळून बसलो आणि आज लिहायला घेतलं, यात मर्दुमकी काही नाही. ज्यांची भीती होती ती माणसं संपली, एवढंच.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कचेऱ्यांतून उर्दू मागं सरत होती, इंग्रजी पुढं येत होती. कुणाची नोकरी राहणार, कुणाची जाणार, याचा नेम नव्हता. मी क्षयाच्या दवाखान्यात कारकून होतो. आमच्या दवाखान्याला एक फिरतं एक्सरेचं यंत्र मिळालं. ते पेट्यांत मावायचं. रस्ता असेल तिथवर मोटार, पुढं बैलगाडी, आणि गाडीवर वीज तयार करायचं इंजिन पोत्यांनी बांधून घेतलेलं. गावात पोचलं की शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार करायचा आणि एकेकाला यंत्रापुढं उभं करायचं. लोक त्याला फोटोची गाडी म्हणत.

आम्ही तिघं जायचो, यंत्र चालवणारा, ड्रायव्हर आणि मी. घराघरातली नावं लिहून घेणं, नंबर देणं, नंबराचे शिशाचे आकडे यंत्राच्या चौकटीत बसवणं हे माझं काम. त्याशिवाय "हनुवटी वर, खांदे पुढं, श्वास घ्या, धरा, सोडा" हे दिवसातून शेकड्यानं म्हणणं. यंत्रवाला काळ्या पडद्यामागं असायचा. त्याला माणूस दिसायचा नाही, फक्त नंबर कळायचा. फिल्मचं रीळ हैदराबादेला आणून धुतलं जाई आणि मग डॉक्टर ते भिंगाखाली वाचत.

डॉक्टर जुन्या हैदराबादचे होते. दाढी पांढरी, कोटाच्या आत शेरवानी, बोलणं मऊ. तेलुगू त्यांना कामापुरती यायची, मराठी अजिबात नाही, म्हणून मराठवाड्याचे रोगी आले की मधे मी लागायचो. स्वतःच्या नजरेचा त्यांना अभिमान होता आणि तो खराही होता. तिळाएवढा डाग त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. आम्ही निघालो की दर वेळी एकच गोष्ट सांगायचे, "देखो, एक भी नहीं छूटना. जो नहीं आया, वोइच बीमार है, ऐसा समझ के चलो."

हे वाक्य मला पाठ होतं. मी ते गावोगाव लोकांना मराठीत सांगतही होतो.

चिठ्ठीची कल्पना माझी. आधी फक्त रोगी निघालेल्यांची यादी गावाला जायची. बाकीच्यांना काहीच कळायचं नाही, मग ते धास्तावून बसत. मी डॉक्टरांना म्हटलं, ज्याची छाती चांगली त्यालाही कागद देऊ, आणि मराठीत देऊ. डॉक्टरांनी होकार दिला, शिक्का दिला. मी सुबक अक्षरात लिहू लागलो, 'फोटो पाहिला. छाती स्वच्छ आहे. क्षयाचे चिन्ह नाही.' आता हे काय मोठंसं, असं वाटेल. पण त्या गावांत तोवर सरकारचा कागद आला की तो उर्दूत. तो घेऊन वाचणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. आता घरातलं पोर कागद हातात घेऊन खणखणीत वाचत होतं. लोकांनी त्या चिठ्ठ्या देवापाशी ठेवल्या. आणि वर्षाच्या आत त्या लग्नाच्या बोलण्यांत शिरल्या. मुलीची पत्रिका आली की मुलाकडचे विचारत, फोटोची चिठ्ठी कुठं आहे? हे मी हैदराबादला मित्रांना हसत हसत सांगायचो. माझ्या अक्षरावर लग्नं जमतात, अशी शेखी मिरवायचो.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. मराठवाड्यातलं, मोटाररस्त्यापासून पाच-सहा कोस आत. आम्ही पोचायच्या आधीच तिथं आवई उठली होती की हे यंत्र माणसाचं रक्त आटवतं. पहिल्या दिवशी सकाळी शाळेपुढं एक कुत्रं सोडलं तर कुणी नव्हतं. तेव्हा गावचे मास्तर पुढं झाले. पन्नाशीचे, काटकुळे, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी सगळ्यांदेखत अंगातला सदरा काढला आणि यंत्रापुढं उभे राहिले. मग दारोदार हिंडले. सारं गाव त्यांचे विद्यार्थी, नाही म्हणायची सोय नव्हती. "लपवू नका," ते म्हणत. "घरात खोकणारं असेल तर त्याला आधी आणा. लपवलेला रोग घर खातो." दुपारपर्यंत रांग पिंपळाच्या पाराच्या पुढं गेली.

त्या दिवशी संध्याकाळी मास्तर मी उतरलो होतो तिथं आले. मी नावांची वही तपासत होतो. आधीची तीन गावं मी एकही नाव न सुटता पुरी केली होती आणि अशा गावाच्या पानावर डॉक्टर स्वतः लाल शाईनं शेरा मारत. हे चौथं गाव होणार, या आनंदात मी होतो. मास्तर बराच वेळ इंजिनाची, पावसापाण्याची चौकशी करत राहिले. मग म्हणाले, "उद्या आमच्या घराची पाळी आहे."

"हो. आपण झालात. आई, बायको आणि दोन मुली राहिल्या."

"थोरली उद्या यायची नाही."

"का? बरं नाही?"

मास्तरांनी मान खाली घातली. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, पण कानाची पाळी लाल झाली. "ती बाजूला आहे," ते म्हणाले.

मला कळलं. कुठल्याही मराठी घरात वाढलेल्या माणसाला कळलं असतं. महिन्याचे ते तीन दिवस बाई कोपऱ्यात बसते, तिला कुणी शिवत नाही, ती कशाला शिवत नाही. शाळेची ती खोली एरवी गावच्या भजनाची होती आणि भिंतीला देवाची तसबीर होती. तिनं तिथं पाऊल टाकणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "मग राहू द्या. पुढं कधी हैदराबादला आली की काढू."

"तसं नाही," मास्तर म्हणाले. "तिचं लग्न बोलण्यात आहे, आपल्या हैदराबादेतच. आणि मी आज सकाळपासून गावभर लपवू नका, लपवू नका करत फिरलोय. माझीच लग्नाची मुलगी नाही आली, तर लोक काय म्हणतील? कारण मी चारचौघांत सांगू शकत नाही. आपण घरचे, म्हणून बोललो." मग म्हणाले, "तिला कधी साधं पडसं होत नाही हो. घरातल्या सगळ्यांची छाती चांगली निघेल, तशी तिचीही निघणार."

त्यांनी त्यापुढं काही मागितलं नाही. जे केलं ते माझ्या डोक्यातून निघालं, हे मला इथं स्वच्छ लिहायचं आहे. इतकी वर्षं मनातल्या मनात मी ते मास्तरांच्या माथी मारत आलो. मीच म्हणालो, "काळजी करू नका. करतो काहीतरी."

दुसऱ्या दिवशी मास्तरांची धाकटी मुलगी यंत्रापुढं उभी राहिली. श्वास घे, धर, सोड. झाल्यावर ती निघाली तशी मी म्हटलं, "थांब. नीट आला नाही." शिशाचे आकडे बदलले, थोरलीचा नंबर लावला आणि तिला पुन्हा उभं केलं. पडद्यामागच्या माणसाला नवीन नंबर मिळाला, त्यानं कळ दाबली. पोरगी चौदा-पंधराची होती, तिला संशय आला नाही. बाहेर रांगेतल्या बायकांना मी सांगितलं की थोरली पहाटेच येऊन गेली. वहीचं पान भरलं. मास्तरांनी मला नमस्कार केला आणि मला फार बरं वाटलं. दोन माणसांची अब्रू एका हुशारीनं राखली, असं वाटलं.

इथवरचं कदाचित कुणी समजून घेईल. पुढचं मीच समजून घेऊ शकलो नाही.

इंजिनाचा पट्टा तुटला आणि आम्ही आणखी एक दिवस अडकलो. निघायच्या सकाळी पेट्या गाडीवर चढत होत्या. शाळेच्या मागच्या बाजूनं एक मुलगी आली. नुकती न्हालेली, केस ओले, पदर डोक्यावरून नीट घेतलेला. मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं, पण चेहरा धाकटीचा होता, म्हणून ओळखलं.

"दादा, मी आज न्हाले," ती म्हणाली. "आता काढता का माझा?"

मी आजूबाजूला पाहिलं. यंत्रवाला विडी ओढत लांब बसला होता.

"तुझं झालंय," मी हळू म्हणालो. "वहीत नाव आहे."

"पण काढला नाही ना."

"चिठ्ठी येईल तुला. कुणी विचारलं तर काढला म्हणून सांग."

ती हलली नाही. "मला कधीकधी इथं दुखतं," तिनं डाव्या बाजूला हात नेला. "घरी सांगितलं नाही. काढून टाका ना, दोनच मिनिटं लागतात म्हणे."

दोनच मिनिटं लागत होती. पण पेट्या सोडायला, इंजिन उतरवायला दोन तास लागले असते. आणि यंत्रवाल्याला सांगावं लागलं असतं की हा नंबर आधीच झालेला आहे तरी पुन्हा लाव. तो विचारणार, का? मी तिच्यावर वैतागलो. हो, वैतागलो. "बाई, तुझ्यासाठी सरकारी यंत्र पुन्हा मांडायचं का?" असं बोललो. तिचं तोंड एवढंसं झालं. ती आली तशी मागच्या बाजूनं गेली. जो नहीं आया, वोइच बीमार है. इथं तर ती स्वतःच्या पायांनी आली होती आणि मी तिला घालवून दिलं होतं.

हैदराबादला रीळ धुऊन आलं. डॉक्टर भिंगाला डोळा लावून एकेक चौकट पुढं सरकवत आणि मी शेजारी बसून लिहीत असे. "साफ. साफ. इसको बुलाओ. साफ." मास्तरांच्या घराचे नंबर आले. डॉक्टर थबकले, एक चौकट मागं घेतली, पुढं घेतली. "ये दोनों एकदम एक जैसे. बहनें हैं क्या?"

"जी, सगी बहनें," मी म्हणालो.

"माशाअल्ला. दोनों साफ." त्यांनी लाल शाईनं पानावर शेरा मारला आणि माझी पाठ थोपटली. त्याच संध्याकाळी मी तिची चिठ्ठी लिहिली. त्या दिवशी अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं, हेही आठवतं.

पुढच्या लग्नसराईत ती बेगम बाजारात नांदायला आली. मास्तरांचं कार्ड आलं, की मुलगी तुमच्या हैदराबादेत दिली आहे, जमलं तर नजर ठेवा. मी हिमायतनगरला राहायचो, फार लांब नव्हतं. तरी जायचं टाळलं. शेवटी दिवाळीत बायकोनं फराळाचा डबा हातात दिला, तेव्हा गेलो. खाली मिरचीची वखार, वर माडीवर बिऱ्हाड. नवरा त्याच वखारीत नोकरीला. जिना चढतानाच मला ठसका लागला.

सासू बोलकी, हसरी बाई होती. सुनेनं चहा आणला आणि पदर तोंडाशी धरून आत जाऊन खोकली. बराच वेळ खोकली. "या घरात पहिलं वर्ष सगळ्याच खोकतात," सासू म्हणाली. "मीसुद्धा खोकले. मिरची अंगात मुरावी लागते. आणि हिची काळजी नाही, हिची सरकारी चिठ्ठी आहे." तिनं पत्रिकांच्या डब्यातून ती काढली आणि मला दाखवली. "अक्षर बघा कसं आहे. मोत्यासारखं."

मी ती हातात घेतली. दारात ती मुलगी उभी होती. मी म्हणालो, "चांगलं आहे अक्षर."

निघालो तेव्हा रिकामा डबा द्यायच्या निमित्तानं ती जिन्यापर्यंत आली. वाळली होती. "दादा," ती म्हणाली, "कुणाला न कळता एकदा फोटो काढता येईल का? यांना मी सांगू शकत नाही. पहिला काढलाच नव्हता म्हटलं तर बाबांनी फसवलं असं होईल."

मी म्हणालो, "बघतो."

बघतो म्हणून गेलो तो चार महिने फिरकलो नाही. कारणं पुष्कळ होती. कचेरीत कपातीची यादी निघणार होती, बायकोला दिवस गेले होते. डॉक्टरांना न सांगता फोटो निघणार नव्हता, आणि सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. सगळी कारणं खरी होती. पण तिचं तोंड बापाच्या अब्रूनं बांधलेलं होतं. माझं फक्त भीतीनं बांधलेलं होतं, आणि ते मला सोडता आलं असतं. बेगम बाजाराकडून जायची वेळ आली की मी लांबचा रस्ता धरत असे.

शिमग्याच्या सुमाराला एक दिवस दवाखान्याच्या रांगेत तिचा नवरा दिसला. तिला दंडाला धरून आणलं होतं. पहाटे रक्त पडलं होतं. बिचारा भांबावून गेला होता. "चिठ्ठी आहे साहेब, चिठ्ठी आहे," करत ती चिठ्ठी प्रत्येकाला दाखवत होता.

मोठी फिल्म काढली. डॉक्टरांनी ती उजेडाला धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. दोन्ही बाजू गेल्या होत्या. "ये नई बीमारी नहीं है," ते म्हणाले. "दो-तीन साल पुरानी. पहले फोटो निकला था?"

हा प्रश्न मराठीत विचारायचं काम माझं. मी विचारला. नवरा शेजारी होता. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हो."

नवऱ्यानं चिठ्ठी पुढं केली. डॉक्टरांना मराठी वाचता येत नव्हतं, पण शिक्का आणि नंबर कळला. त्यांनी नंबर टिपून घेतला. मग मला म्हणाले, "वो रील निकालो."

मी मागच्या खोलीत गेलो. कपाट उघडलं. रीळ समोरच होतं, डबीवर गावाचं नाव माझ्याच अक्षरात. मी ती डबी हातात घेऊन उभा राहिलो. बाहेरून तिच्या खोकण्याचा आवाज येत होता. मग डबी तिथंच मागं सारली, बाहेर आलो आणि सांगितलं, सापडत नाही, कचेरी हलली त्यात गेलं असेल.

"रहने दो," डॉक्टर म्हणाले. "देख के क्या करना. मैंने ही पढ़ा था. मैंने साफ बोला था." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकही रीळ एकट्यानं वाचलं नाही. तरुण डॉक्टरांना शेजारी बसवायचे आणि म्हणायचे, मेरी नज़र पे भरोसा नक्को करो. ते प्रत्येक वेळी मी शेजारी बसून ऐकलं.

नवऱ्याला त्यांनी भरतीचे कागद करायला पाठवलं. खोलीत आम्ही तिघंच उरलो. डॉक्टर खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आले आणि दोन्ही हात जोडले. "बेटी, ये बीमारी उस वक्त भी थी. मेरे को दिखना था, नहीं दिखी. मैं चूक गया. तुम्हारा डेढ़ साल का इलाज मेरी वजह से गया."

ती गोंधळली. घरात सगळी मराठी, वर्षभरात ती उंबऱ्याबाहेर फारशी पडली नव्हती. एवढा मोठा माणूस आपल्यापुढं हात जोडून का उभा आहे, हे तिला कळेना. "काय म्हणतायत?" तिनं मला विचारलं.

"म्हणतायत, त्यांच्या हातून चूक झाली. तुझ्या फोटोत रोग त्यांना दिसला नाही."

तिचा चेहरा एकदम बदलला. "अहो, नको," ती म्हणाली. "त्यांना हात खाली घ्यायला सांगा. त्यांचं काय चुकलं? त्यांनी माझा फोटो बघितलाच नाही. सांगा त्यांना, माझा काढलाच नव्हता, धाकटी उभी होती." तिला खोकला आला, तो आवरून पुन्हा म्हणाली, "आता हे बाहेर गेलेत. सांगा ना दादा. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला उगाच घोर."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "क्या बोली उनो?"

बापासाठी दीड वर्ष गप्प राहिलेली मुलगी एका परक्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून बोलली होती. मला फक्त तिचं वाक्य इकडून तिकडं न्यायचं होतं.

"बोली, आप दिल पे नक्को लो," मी म्हणालो. "आपकी दुआ चाहिए, बोली."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "अल्ला शिफ़ा देगा, बेटी."

ती माझ्याकडं बघत होती. इतक्या महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर जरा मोकळं वाटल्यासारखं दिसत होतं. "सांगितलंत? रागावले नाहीत ना?"

"नाही," मी म्हणालो. "देव तुला बरं करील, म्हणतायत."

तेवढं मात्र मी बरोबर सांगितलं.